मधलं माप

"त्यांना विचारून काही उपयोग नाही," म्हातारीने दारातच सांगून टाकलं. "उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दोन वर्षं झाली."

दारातल्या चष्मेवाल्या बाईने लॅपटॉपची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. जुन्या चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीतून ती आली होती, चार तासांचा प्रवास करून. "नुसतं दाखवते, काकू. पाचच मिनिटं."

म्हातारी दार उघडं ठेवून आत वळली. पाच मिनिटांनी काही बिघडत नव्हतं. अकराला पाणी, साडेअकराला कूस बदलायची, बाराला भरवायचं. मधला वेळ तसाही पडूनच असे.

म्हातारा उशांना टेकून खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाईने त्याला नमस्कार केला. त्याने मान वळवली नाही.

जेवणाचं चाकांचं टेबल पलंगावर ओढून बाईने त्यावर लॅपटॉप ठेवला आणि म्हातारीलाच सगळं सांगायला लागली. कॅमेरा चित्र टिपतो ते चौकोनी, उंच. पण थिएटरात दाखवताना ऑपरेटर मशीनमध्ये खिडकी कापलेला एक पत्रा बसवतो आणि वरचं-खालचं नको ते झाकतो. या चित्रपटाला किती झाकायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही. दिग्दर्शक गेला, कॅमेरामन गेला. कंपनीत निम्मे म्हणतात चौकोनीच ठेवा, निम्मे म्हणतात एकदम आडवं करा.

"चौकोनी ठेवलं तर वर माइक लोंबताना दिसतो. आडवं केलं तर हिरॉइनचं कपाळ उडतं. सोमवारी डिस्क छापायला जाते आहे. एकदा गेली की गेली, पुन्हा कोण काढतंय?"

"मग आमच्याकडे कशाला आलात?"

बाईने एका जुन्या पत्राची प्रत काढून वाचली. दिग्दर्शकाने निर्मात्याला लिहिलं होतं. 'पहिल्या खेळाआधी या थिएटरच्या ऑपरेटरने माझ्यासमोर पत्रा कानशीने घासून घासून चित्र नेमकं बसवलं. सगळीकडे असंच दिसायला हवं.'

"थिएटर पडलं, पत्रे भंगारात गेले," बाई म्हणाली. "उरले ते ऑपरेटर, आपले काका."

"तिथून हे घरी काय घेऊन यायचे, तर डोकेदुखी," म्हातारी म्हणाली. "मला तर काही विचारूच नका. मी डबा घेऊन जायची ती मध्यंतरात. सगळे सिनेमे अर्ध्यापासून पाहिलेत."

बाई हसली. म्हातारीने हसू आणायचा प्रयत्न केला नाही.

पडद्यावर चित्र आलं. हिरॉइन दारात उभी होती, हात चौकटीवर. वर माइकचं काळं टोक, खाली जमिनीवर दिव्याची वायर. बाईने चित्र तिथेच थांबवलं.

म्हाताऱ्याची मान वळली.

म्हातारी पाण्याचा पेला पुसत होती, ती थांबली. वाचा यावी म्हणून एक मुलगी सहा महिने घरी येत असे. गाय, घर, कपबशी, असली चित्रं दाखवायची. म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. लेकाचा फोटो दाखवला तेव्हाही मिटले. म्हातारीने स्वतःकडे बोट दाखवून "मी कोण?" असं विचारलं होतं, तेव्हाही.

डावा हात पांघरुणातून बाहेर आला. वर गेला आणि चित्राच्या वरच्या कडेवर आडवा पडला. माइक झाकला गेला. हात जरा खाली आला, पुन्हा केसभर वर गेला. हिरॉइनच्या केसांच्या वर बोटभर मोकळी जागा ठेवून तो थांबला.

चष्मेवाली बाई पुढे वाकली. "आणि खाली, काका? खाली किती?"

उजवा हात पांघरुणाखाली होता तिथेच राहिला. म्हाताऱ्याने म्हातारीकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे.

भूक, तहान, ओलं. त्याच्या नजरेचे एवढे तीनच अर्थ तिला पाठ झाले होते. हा त्यातला नव्हता. तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिने पेला खाली ठेवला, वाकली आणि चित्राच्या खालच्या कडेवर आपला हात आडवा धरला.

"अं हं," म्हातारा घशातून म्हणाला.

तिने हात थोडा वर घेतला.

"अं हं."

"अहो, किती?"

अजून थोडा. वायर गेली. मग त्याने डोळे मिटून उघडले. दोघांमध्ये एवढ्यालाच 'हो' म्हणत.

बाईने घाईघाईने मोजायची टेप काढली. मधल्या चित्राची रुंदी साडेसव्वीस सेंटिमीटर, उंची सोळा. फोनवर भागाकार केला. पुन्हा मोजलं, पुन्हा केला.

"दोन्ही नाही!" ती म्हणाली. "चौकोनीही नाही आणि आडवंही नाही. मधलं आहे. आम्ही सगळेच चुकत होतो, काकू." तिने आकडा लिहून घेतला, खाली दोन रेघा मारल्या. "झालं. काढा आता हात."

म्हातारीच्या कमरेत कळ आली होती. हाताला मुंग्या आल्या होत्या. घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात वरच्या कडेवर तसाच होता आणि डोळे चित्रावर.

बाईने लॅपटॉप मिटण्यासाठी हात पुढे केला.

"राहू द्या," म्हातारी म्हणाली. "पुढचं रीळ लावा."