मी आहे ना

"बाई, काल तुम्ही आला नाहीत," मी स्टाफरूमच्या दारातूनच म्हणाले.

बाईंनी डबा उघडता उघडता वर पाहिलं. "कुठे गं यायचं होतं?"

'आमच्या घरचा समारंभ' हा निबंध शाळेच्या कॉम्प्युटरवर लिहून मी बाईंना पाठवला होता. रविवारी पाहुणे येणार, माझ्या लग्नाची सुपारी फुटणार, पण मला दहावी करायची आहे, तुम्ही त्याआधी घरी या. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं ते सगळं त्यात होतं. मागे माझ्या आतेबहिणीच्या वहीत बाईंनी 'मी आहे ना' असा शेरा लिहिला होता आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांसमोर जाऊन बसल्या होत्या. ते लग्न थांबलं. शुक्रवारी माझ्या निबंधाखालीही उमटलं, 'मनापासून लिहिलंस. मी आहे ना.' म्हणून काल मला साडी नेसवली तेव्हा मी रडले नाही. सुपारी फुटली तरी दाराकडेच बघत होते.

"अगं, यंदापासून निबंध कॉम्प्युटरच तपासतो," बाई हसल्या. "माझेच जुने शेरे शिकवलेत त्याला. ओळखूसुद्धा येत नाही, हो ना? किती पडले तुला?"

"दहापैकी नऊ."

"शाब्बास! कसला समारंभ लिहिलास गं?"

"माझ्याच लग्नाचा," मी म्हणाले. "अक्षता टाकायला तरी स्वतः या, बाई."