माळावरची तबकडी

“अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलीत. उडती तबकडी ओळखता येती मला!” असं गावाला ठणकावून निवृत्त सुभेदार शिंगट्यांनी माळावर पडलेल्या त्या पांढऱ्या, लुकलुकत्या खोक्याभोवती खंदक खणून घेतला. चार दिवस पहारा दिला, कुत्र्यालासुद्धा जवळ फिरकू दिलं नाही.

पाचव्या दिवशी लष्कराचा कोवळा कॅप्टन चौकशीला आला. खंदकावरची फळी ओलांडून त्यानं थेट खोका उचलला आणि वरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. “हवामानाच्या फुग्याचं यंत्र. धोका नाही.”

“मराठीत हाय की, तात्या!” सरपंचबाई म्हणाल्या. “जवळ जाऊ दिलं असतंत, तर आमीच वाचली असती.”

सुभेदारांनी तेही गिळलं. पण कॅप्टननं अहवालात ‘वृद्ध ग्रामस्थाचा गैरसमज’ असं लिहिलेलं दिसलं, आणि ते भडकलेच. “ग्रामस्थ? कारगिलला होतो मी! सुभेदार लिहा, साहेब. हवं तर मूर्ख सुभेदार लिहा!”

“फॉर्मात तशी जागा नाही,” म्हणत कॅप्टन जीपमध्ये बसला. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली, ती मागच्या मागं खंदकात गेली.

खंदक नियमाप्रमाणे पूर्ण पाच फूट खोल होता.