राघोची नळी

"आदल्या रात्री तू जेवला होतास," त्र्यंबक म्हणाला आणि त्याने काचेची नळी राघोच्या तोंडासमोर धरली.

नळीत राघोचं आठवड्यापूर्वी घेतलेलं रक्त होतं. खाली लाल गाळ बसला होता. वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं, तिथे दुधासारखं पांढरं काहीतरी होतं. राघो धरून कोलशेतच्या मिठागरावरची चाळीस माणसं तिथे जमली होती. त्यातल्या एकोणचाळीस जणांच्या नळ्या नितळ होत्या.

राघो खाली वाकला आणि त्याने ढिगातलं मूठभर मीठ उचललं. मीठ हातात धरून इथे कोणी खोटं बोलत नसे. "मी उपाशीच आलेलो, सायेब," तो म्हणाला.

त्र्यंबक हसला. रक्त घेतलं त्याच्या आदल्या रात्री, बुधवारी, राघोच्याच पुतणीची हळद होती, हे त्याच्या कानावर आलं होतं. अंगणात बोकड शिजतोय, ताडीची मडकी फिरताहेत, सगळं गाव पंगतीला बसलंय आणि हा गडी म्हणे घरचा काका असून उपाशी! मुठीतल्या मिठाकडे त्याने पाहिलंही नाही. भोवतीची माणसं हसली तशी राघोने मान खाली घातली.

त्र्यंबक मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधक होता आणि ठाण्याला कोपरीत राहत होता. रक्तातली चरबी हा त्याचा ध्यास. कोलेस्टेरॉल रक्तातून एकटं फिरत नाही, ते प्रथिनांच्या खांद्यावर बसून फिरतं आणि त्या जोडगोळीला लायपोप्रोटीन म्हणतात, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. त्याची बायको मंदाकिनी भातावर तूप वाढायला आली तरी सुटायची नाही. बैठं काम करणाऱ्या कारकुनांच्या रक्तात चरबी साठते आणि मिठागरावर राबणाऱ्यांचं रक्त स्वच्छ राहतं, एवढं त्याला दाखवून द्यायचं होतं. जेवणानंतर कुणाचंही रक्त काही तास दुधाळ दिसतं, म्हणून बारा तास पोट रिकामं हवं, ही त्याची अट होती.

तसा तो मन लावून काम करणारा माणूस. पण स्वतःच्या अंदाजावर त्याचा जरा जास्तच जीव होता आणि राघोचं रक्त त्या अंदाजात बसत नव्हतं. तो जेवलेला असणं सोयीचं होतं. त्र्यंबकने त्याचं नाव खोडलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा येऊन रक्त घेतो, असं तोंडदेखलं सांगितलं आणि त्यानंतर तो कोलशेतला फिरकलाच नाही.

त्याचा शोधनिबंध छापून आला. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

दोन वर्षांनी, एकोणीसशे सत्तावन्न साली, प्रयोगशाळेत आलेलं एक परदेशी मासिक चाळताना त्र्यंबकचा हात थांबला. काही माणसांचं रक्त उपाशीपोटीही दुधाळ राहतं, असं त्यात लिहिलं होतं. हा दोष घराण्यातून येऊ शकतो आणि अशा काहींचं हृदय ऐन तारुण्यात दगा देतं. त्र्यंबकने तो मजकूर तीनदा वाचला. सबंध आयुष्य ज्या गोष्टीचा शोध घेण्यात घालवायचं ठरवलं होतं, तीच आपण हातात धरून एका माणसाला चारचौघांत खोटं पाडलं, हे त्याला कळलं आणि त्याची त्याला मनस्वी लाज वाटली.

त्याच दिवशी तो कोलशेतला गेला. राघोची माफी मागायची, रक्त पुन्हा तपासायचं, ताडी आणि चरबीचं खाणं सोडायला सांगायचं, मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं, असं सगळं वाटेत ठरवून झालं होतं.

दारात राघोची बायको हौसाबाई मासळी निवडत होती. तिचं कपाळ मोकळं होतं. राघो शिमग्याआधीच गेला होता. मिठाची पाटी उचलताना छातीत कळ आली आणि तो तिथेच बसला. वय अडतीस.

त्र्यंबक उंबऱ्याशी उभ्यानेच बोलत राहिला. चूक माझी होती, राघो खरं बोलत होता, हे त्याने दोनदा सांगितलं. हौसाबाईने त्याला बसायला पाट दिला. पुतणीच्या हळदीत राघो लोकांना वाढत होता, पण स्वतः घास घेतला नाही म्हणून भाऊ त्याच्यावर महिनाभर रुसला होता, असं ती सांगू लागली.

"तुमी सांगून गेल्यावर दर गुरुवारी तो दुपारपातूर उपाशी र्‍हायाचा," ती म्हणाली. "सगला गाव बोलायचा, राघोनं दत्ताचा उपास धरलाय. मलाच ठावं व्हतं, सायेब, तो तुमची वाट बगायचा."