दोन दारांचा हॉल

लग्नासाठी हॉल बघायला गेलं की ती ना झुंबरं बघायची, ना स्टेज. मॅनेजरला तिचा एकच प्रश्न असायचा, "आत यायला दुसरं दार आहे का हो?" कुठे ते स्वयंपाकघरातून निघायचं, कुठे त्याला कायमचं कुलूप असायचं, आणि ती काढता पाय घ्यायची.

शेवटी होणारा नवरा वैतागला. "अगं, आपल्याला लग्न करायचंय की पळून जायचंय?"

ती हसली नाही. "घटस्फोट झाल्यापासून आई-बाबांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही रे. एका दारातून आई येईल, दुसऱ्यातून बाबा. मला त्या दिवशी दोघंही हवीत."

मग तोही तिच्याबरोबर दारंच शोधू लागला.

अखेर तसा हॉल सापडला. दोन रस्त्यांवर दोन दारं, गाड्या लावायची जागासुद्धा वेगवेगळी. तिने तिथूनच आईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.



"सगळं खरं गं बाळा... पण हॉल एकच ना?"