तळावरचं नाव

थोरलीच्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी प्राणिबागेच्या दारात ठेवायचं कांस्याचं खवल्या मांजर करायचं काम दोघी बहिणींकडे आलं.

धाकटी मेणात प्राणी घडवायची. थोरली त्यावर मातीचे लेप चढवायची, आचेने मेण वितळवून काढायची आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओतायची. मेणाच्या तळाला नाव मात्र धाकटी कोरायची, स्वतःचं. वीस वर्षं लोक तेवढंच वाचत आले होते.

"नाव तुझं, चटके माझे," थोरली म्हणाली.

"मग पुढचा प्राणी तू घडव, ताई. हत्ती केलास तर बटाटा म्हणून खपवू."

थोरलीला हसू आलं नाही. हल्ली तर धाकटी दर मंगळवारी बरे कपडे घालून कुठेतरी जायची.

"आज कुठे सत्कार?"

"आहे एक काम."

थोरलीच्या पोटात दुखायचं ते दुखलंच.

मेणाचं जनावर तयार झालं. एकेक खवला जिवंत. थोरली माती कालवून आली, तर धाकटीने पहिला लेप आधीच चढवला होता, अगदी तळापर्यंत.

"खवले नाजूक आहेत गं. तुझा हात जड."

तेही भट्टीवाल्यासमोर.

"वीस वर्षं जड नव्हता," थोरली एवढंच बोलली.

ओतायच्या दिवशी धाकटी आली नाही. अंगात कसकस आहे म्हणे. भट्टीवाल्याने वितळलेल्या धातूची मूस बाहेर काढली.

"ओतायचं ना, बाई?"

थोरलीने हातमोजे काढले, झटकले, पुन्हा सावकाश घातले. लखलखता धातू तांबूस पडू लागला.

"निवतंय, बाई."

"मला शिकवू नकोस."

मग तिने ओतलं.

दुसऱ्या दिवशी तिने एकटीने माती फोडली. धातू वाटेतच गोठला होता. तळ आणि पाय तेवढे आले होते. पाठ अर्धी, तोंड नाहीच. मेण तर केव्हाच वितळून गेलं होतं, पुन्हा ओतायला काही उरलं नव्हतं. थोरलीला फार दिवसांनी मोकळं वाटलं. आता वाचा म्हणावं नाव, असं पुटपुटत तिने ते धूड उलटं केलं आणि तळाची माती खरवडली.

तळावर थोरलीचं नाव कोरलेलं होतं. धाकटीचं कुठेच नव्हतं.

धाकटी त्यानंतर अकराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, इस्पितळात वारली.