यंत्राची दुरुस्ती

हौसा कॅन्सरने गेली, आणि तेराव्याच्या दिवशी केरबाला कळलं, की बायकोचा आजार एका यंत्राला वर्षभर आधीच कळला होता.

सांगायला प्रयोगशाळेतल्या मॅडम आल्या होत्या. तिथल्याच कॅन्टीनमध्ये हौसा भाकऱ्या करायची. "मामा, आमच्या यंत्रात कार्बनच्या नळ्या असतात, केसाहून कितीतरी बारीक. रक्ताच्या थेंबातून रोग ओळखतात. यंत्र पारखायला धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं, म्हणून मावशींचं घेतलं. यंत्रानं कॅन्सर दाखवला. आम्हाला वाटलं, यंत्रच चुकतंय."

"बरोबर हाय की. दिवसभर भाकऱ्या बडवणारी बाई आजारी कशी असंल? मग काय केलंसा?"

"यंत्र दुरुस्त केलं," मॅडम मान खाली घालून म्हणाल्या. "ते मावशींना निरोगी म्हणेपर्यंत."

"चला, यंत्र तरी वाचलं." केरबानं लाडवाची ताटली त्यांच्यापुढं सरकवली. "आणखी कुणाच्या रक्तात यंत्र असंच चुकलं हुतं?"

"चौघांच्या."

"त्यांना सांगितलंसा?"

"समितीची बैठक व्हायची आहे."

"हां, बैठक पाहिजेच. आजार तोवर थांबतोय की."

मॅडमनी लाडू मोडला. त्या चौघांना अजून कुणीही काही सांगितलेलं नाही.