रोजचं विमान

पुण्याजवळच्या भोंगवलीची अश्विनी जबलपूरला राहते आणि विमान कंपनीत नोकरीला आहे. पुणे-जबलपूर विमान आठवड्यातून किती वेळा सोडायचं, हे ती ठरवते. यंदा तिनं ते रोज केलं, तेव्हा तिचे वडील मानसिंगआबा गावभर सांगत फिरले.

मग ती लेकीला, शेफालीला, घेऊन माहेरी आली. आबांनी नातीच्या पाठीला तरंगायला रिकामा डबा बांधून तिला विहिरीत पोहायला उतरवलं.

"आबा, उद्या डब्याशिवाय?" शेफालीनं काठावर येत विचारलं.

"उद्या कुठं? सकाळीच निघायचंय," अश्विनी म्हणाली. "आता विमान रोज आहे ना!"

आबा डब्याची ओली गाठ सोडत राहिले.



"पोरी, आठवड्याला एकच विमान व्हतं, तवा तुला आठ दिवस ऱ्हावंच लागायचं. परत तसं करता यायचं न्हाई व्हय गं?"